पालथा घातलेला डबा

तुमच्या घरात राखेत घोळून ठेवलेल्या बियांचा एखादा डबा असेल, तर त्यातलं सगळं बी एकदम पेरायचा हक्क कुणाला आहे? मला वाटलं होतं, मला आहे.

आमचं घर पाली गावाजवळ. डबा आईचा. त्यात तिच्या माहेरचा, मंडणगडकडचा घेवडा. काळं बी, कडेला पांढरी रेघ. माहेरी आता घेवडा कुणीच लावत नाही. माकडं एक शेंग हाताला लागू देत नाहीत, म्हणून एकेका घराने मांडव घालणं सोडलं. तिकडचं बी संपलं, आमच्या डब्यात होतं तेवढंच उरलं. आई दर वर्षी त्यातलं अर्धंच पेरायची.

मी पत्रकांवर वाढले. बाबा विहारात पत्रकं वाटायचे, मी त्यांच्या घड्या घालायचे. गेल्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहून पालीच्या बाजारात वाटलं. घरचं बियाणं वाचवा, असं. त्यातलं माझं लाडकं वाक्य होतं, 'डब्यातलं बी कैदेत असतं, त्याला मातीत मोकळं करा.' पावसाळा सरला, आई भावाकडे गेली, आणि मी परसात आळी करून त्यांत डबा रिकामा केला.

ती परतल्यावर मी मोठ्या अभिमानाने पेरलेली आळी दाखवली.

"सगळं पेरलंस?"

"हो."

"नि हे गेलं तर गो?"

"जाईल कसं? तुझ्या माहेरचं आहे. चिवट असणारच."

ती हसली नाही. डबा धुऊन तिने ओट्यावर पालथा घातला.

वेल जोरात आले. जांभ्याच्या मातीत कस राहत नाही म्हणून मी शेणखत ओतलं होतं. पानं तळहाताहून मोठी, मांडव गच्च, फूल मात्र एकही नाही. शेजारचे काका आंब्याच्या कलमांवर फवारणीला जातात. ते मधल्या दगडी गडग्यावरून म्हणाले, "पाल्याचीच भाजी कर आता. पत्रकात गुंडाळून वाट." आईने शेणखत बंद करायला लावलं, शेंडे खुडले, मुळाशी चुलीतली राख टाकली. उशिरा का होईना, जांभळे तुरे आले. त्याच आठवड्यात मावाही आला.

तिळाहून बारीक काळे किडे, दांड्याला चिकटून, एकावर एक. साबणाचं पाणी मारलं. कडुनिंबाचा पाला उकळून मारला. बोटांनी पुसून काढले. पुसलेला दांडा दोन दिवसांत पुन्हा काळा व्हायचा आणि फुलं खाली गळून पडायची. रोज सकाळी आई ती गोळा करायची, का ते मी विचारलं नाही.

एक दिवस काका बाटली घेऊन आले. "कलमांना मारून उरलंय. झाकणभर पुरे."

"आमच्यात विष मारत नाहीत, काका."

"बरं बाय. मग माव्याला पत्रक वाचून दाखव."

मी आईकडे पाहिलं. तिने बाटली घ्यावी आणि मी तिच्यावर रागवावं, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

"ती नको म्हणतेय ना," आई काकांना म्हणाली. "नको."

विष नाकारलं याचा पश्चात्ताप मला आजही नाही. पण डब्यात अर्धं बी असतं तर तो नकार माझा एकटीचा राहिला असता. नसल्यामुळे त्याची किंमत आईने भरली.

शेवटी तीन शेंगा वाळल्या, वाकड्यातिकड्या. आत पाच बिया, सुरकुतलेल्या. मोड येतात का बघायला आईने त्या ओल्या फडक्यात बांधल्या. रोज सकाळी ती पुरचुंडी सोडायची.

"आज?"

"नाय."

आठव्या दिवशी बिया बोटाखाली चिरडल्या, वास आला. तिने फडकं धुऊन दोरीवर वाळत टाकलं. मला बोलली असती तर मी वाद घातला असता. तेवढं तरी मला जमतं.

पालीच्या बाजारात तुम्ही माझं पत्रक घेतलं असेल, तर ते आज शोधा. डब्याचं वाक्य पेनाने खोडा आणि बाजूला लिहा, 'अर्धं ठेवा.' मग तुमच्या घरचा डबा उघडा, त्यातलं मूठभर बी शेजारच्या घरी देऊन या.