माशाच्या कोशिंबिरीत दही

पन्नास वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात मासा शिजला नव्हता. आला तो शिजूनच आला, पत्र्याच्या डब्यात बसून. आणला माझ्या नातीने.

नात पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मैदानावर पळायला जाते, आठ वाजता घामाने चिंब होऊन घरी येते आणि पावणेनऊला लेखी परीक्षेच्या क्लासला निघते. तिची आई, म्हणजे माझी सून, त्याआधीच डबा घेऊन नोकरीवर गेलेली असते, मुलगा कंपनीत. त्यामुळे सकाळची पोरगी माझ्या ताब्यात. अंडी खाऊन खाऊन तिला वीट आला होता, गालाची हाडं वर आली होती, आणि आठशे मीटर पळताना ती काही सेकंदांनी मागे पडत होती. आपल्याला काही सेकंद म्हणजे काय हो, कांदा हातात घेईपर्यंत जातात. पण भरतीत तेवढ्याने पोरी घरी बसतात.

मैदानावरच्या सरांनी सांगितलं, अंडी नको तर मासे खा. म्हणून तो डबा.

"आजी, हा ट्यूना. आपल्याकडे याला कुपा म्हणतात."

"आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? नाशकात जन्म गेला, कुपा नाही ऐकला बाई मी."

"अगं, समुद्राकडे."

"मग त्यांच्याकडे म्हण."

पहिल्या दिवशी तिने तो मासा मेयोनीजमध्ये कालवला, ब्रेडला लावला आणि नेला. सरांनी सगळ्या पोरींसमोर तिचा डबा उघडून पाहिला. म्हणाले, "हे खाऊन पळणार? हे तेल आहे तेल. कढईत ओत आणि भजी तळ." त्या दिवशी मेयोनीज घरातून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर शोधलं, मेयोनीजच्या जागी काय घालावं. आणि फ्रीजमधून दह्याचं भांडं काढलं.

मी तिचं मनगट धरलं. "दही नाही!" एवढ्या जोरात ओरडले की तिच्या हातातला चमचा खाली पडला.

"का गं?"

मी माझे हात पुढे केले.

माझ्या दोन्ही हातांवर कोड आहे. बोटांच्या टोकापासून मनगटाच्या वर चार बोटं, पांढरे स्वच्छ. चुन्याच्या बादलीत बुडवून काढावेत तसे. नात लहान असताना तिला वाटायचं, आजी घरात पण हातमोजे घालते.

पहिला डाग करंगळीवर आला, तांदळाच्या दाण्याएवढा. मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झालेली. तेव्हा आम्ही मळ्यात राहायचो, गावाबाहेर, काकडी-कोथिंबीर पिकवून पंचवटीच्या बाजारात आणायचो. डाग दिसला तशा मळ्यातल्या बायका जमल्या आणि शोध सुरू झाला. कोड आलं की आपल्याकडे आधी मासा शोधतात. माशावर दूध घेतलं होतंस का? दही? ताक तरी? मला काही आठवेना. मग कळवणकडे माझ्या आईला निरोप गेला.

आई आली. ओट्यावर बसली. पाणी प्यायच्या आधीच तिला आठवलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना बंधाऱ्याचं पाणी आटलं होतं, सगळ्या गावाने मासे धरले होते, आमच्याकडेही कालवण झालं होतं. आणि त्याच संध्याकाळी शेजारणीची म्हैस व्याली म्हणून तिने खरवस पाठवला होता.

"मीच दिला व्हता बया," आई म्हणाली. "लेकरानं हात पुढं केला, मी दिला."

दहा वर्षं तो खरवस माझ्या पोटात दबा धरून बसला होता म्हणे! पण तेव्हा हे कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. मी त्या दिवसापासून मासा सोडला. आईने दूध सोडलं. लेकीचे हात नीट होईपर्यंत दूध तोंडाला लावणार नाही, असं बोलली ती. माझे हात काही नीट झाले नाहीत. आई जाईपर्यंत कोरा चहा प्यायली, फुलपात्रात ओतून, फुंकून फुंकून.

सासूबाई माझ्या वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. बावचीचं तेल स्वतः लावून मला उन्हात बसवायच्या. माहेरी पाठवा म्हणणारे होते, त्यांना त्यांनी उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. फक्त एक म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर हाताने काही कालवू नकोस. चमचा घे. लोकांना बरं वाटत नाही." पीठ मळणं जावेकडे गेलं आणि माझ्या हातात चमचा आला. आता ना मळा राहिला ना सासूबाई, आम्ही पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये, पण चमचा काही सुटला नाही. घरात एकटी असले तरी कोशिंबीर चमच्यानेच कालवते.

हे सगळं मी नातीला सांगितलं. पोरीने दह्याचं भांडं गुपचूप आत ठेवलं.

मग आमचे बिनदह्याचे प्रयोग चालू झाले. लिंबू पिळलं, तर मासा भुशासारखा कोरडा. शेंगदाण्याचा कूट घातला, तर म्हणाली, "आजी, घशात लाडू अडकल्यासारखं होतंय." तेल घालावं तर सर आठवायचे. अर्धं खायची आणि डबा मिटून टाकायची. एक दिवस मैदानावरून आली ती बूट न काढताच खुर्चीवर बसली. सरांनी वेळ लावली होती, पुन्हा तेच, काही सेकंद कमी पडले होते.

"आजी, बंगालमध्ये दह्यात मासा शिजवतात. रोजचं आहे त्यांचं. सगळ्या बंगालला कोड आलंय का?"

मी चौथी शिकलेली, पुढचं जे काय वाचलं ते पुडीच्या कागदावर आणि देवळातल्या पुस्तकांत. पण प्रश्न बरोबर आहे, हे कळायला शाळा लागत नाही. तिचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि मी दही काढलं.

कसं केलं सांगते. दही आदल्या दिवशीच फडक्यात टांगून ठेवायचं, पाणी निथळून घट्ट चक्का झाला पाहिजे, नाहीतर सगळं पातळ होतं. चमचाभर मोहरी खलबत्त्यात पाण्याच्या थेंबावर फेसायची, नाकात झणका गेला की झाली. मेयोनीजला जी चव असते म्हणे, ती याच्यापुढे काहीच नाही. काकडीचा गर काढून ती बारीक चिरायची आणि दाबून पाणी काढायचं, टोमॅटोच्या बिया काढायच्या. कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ आपलं नेहमीचं. डब्यातल्या माशाचं पाणी काढून तो मोकळा करायचा आणि सगळं चक्क्यात कालवायचं. शिजवायचं काही नाही, पोरीची आंघोळ होईपर्यंत तयार.

तिने वाटी बोटाने निपटून खाल्ली. "आजी, हे सॅलड नाहीये. ही कोशिंबीर आहे."

"मग मला दुसरं येतंय काय?"

महिनाभर रोज नाही, पण दिवसाआड ती माशाची कोशिंबीर झाली. पोरगी पोटभर खाऊ लागली. सेकंदही कमी झाले. एकच गोष्ट माझी चुकली. घरात मासा येतो हे सुनेला माहीत होतं, त्यात दही पडतं हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिला आवडणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच नाही सांगितलं.

एका रविवारी सून गॅलरीत लेकीची वेणी घालत होती. मी आत तांदूळ निवडत होते. बोलणं चालू होतं ते मधेच थांबलं.

"आई, जरा इकडे या."

मी गेले. सुनेने केस बाजूला धरले होते. मानेवर दोन पांढरे डाग होते, तांदळाच्या दाण्याएवढे.

नातीने हातातल्या आरशात आमची तोंडं पाहिली आणि मान चाचपली. "आजी, दह्यामुळे नाही ना गं?"

"कसलं दही?" सुनेने विचारलं. मग तिला कळलं. "माशात दही? आई, तुम्ही? एवढं भोगलेल्या तुम्ही?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "लेकरानं हात पुढं केला, मी दिला." आपण कुणाचं वाक्य बोललो, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

डॉक्टरची वेळ शनिवारची मिळाली. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. पोरगी गळ्याला स्कार्फ गुंडाळून पळायला जाऊ लागली. घामाने भिजलेला स्कार्फ घरातही सोडेना. माझं सगळं तरुणपण हात पदराखाली धरण्यात गेलं, ते आता तिच्या गळ्यात दिसत होतं. मनात एकच घोळत होतं, आपल्या हातचं आपण पोरीला दिलं. पोलिसात जायला निघालेली पोरगी, आता स्कार्फ सांभाळत बसणार. सकाळी चहा करताना दुधाच्या पातेल्याकडे माझा हात जाईना. ठरवून नाही, जाईनाच. चार दिवस कोरा चहा प्यायले, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं.

शनिवारी तिघी गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नातीहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी काचेच्या पट्टीने डाग हळूच खरवडला. पिठासारखी भुकटी पडली. निळ्या दिव्याखाली मान पाहिली.

"शिबं आहे, घामाने येणारी बुरशी," त्या म्हणाल्या. "घामाचे कपडे तसेच अंगावर ठेवतेस ना? आणि हा स्कार्फ आधी काढ. औषध देते. डाग जातील, रंग भरायला थोडे महिने लागतील."

सुनेने डोळे मिटले. मी मात्र उठले नाही. म्हटलं, आता आलोय तर विचारून घ्यावं. "माशात दही घातलं म्हणून नाही ना?"

"नाही हो आजी."

"माझं?" मी हात टेबलावर ठेवले. असे उघडे, उजेडात, परक्या माणसापुढे कधी ठेवले नव्हते.

त्यांनी दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "हे कोडच आहे. पण दूध-माशाने कोड येत नाही. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर आपलंच शरीर उलटतं. ते का उलटतं, हे अजून पुरतं कळलेलं नाही. यात कुणाची चूक नसते."

"खरवसाने?"

त्यांना हसू आलं. "खरवसाने पण नाही."

मला एकदम फुलपात्रातला कोरा चहा दिसला, आणि त्यावर फुंकर घालणारी आई. पस्तीस वर्षं ती बाई बिनदुधाचा चहा प्यायली. तिला हे सांगायला कुणी नव्हतं, आणि आज मला कळलं तर ऐकायला ती नव्हती. मी डॉक्टरीणबाईंचे आभार मानायचे सोडून डोळे पुसत बसले. त्या बिचाऱ्या घाबरल्या, पाण्याचा ग्लास पुढे केला.

येताना रिक्षात सून मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. सुनेने मोठा श्वास सोडला. "देव पावला बाई. कोड नाहीये." आणि बोलता बोलता तिची नजर माझ्या हातांवर गेली.

"आई, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"अगं, मी तरी देवाला दुसरं काय मागत होते?" मी म्हटलं. खरंच होतं ते. माझ्या हातांची मला कधीच सवय झाली, पण पोरीला ते द्या असं कोण म्हणेल? पुढे पंचवटीच्या गल्लीत रिक्षा खड्ड्यात आपटली, सुनेने माझा हात घट्ट धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, सगळे घरी. चक्का मी टांगूनच ठेवला होता. मोहरी फेसली, काकडी दाबली, डबा उघडला आणि कालवायला चमचा घेतला. नातीने तो काढून घेतला.

"चमच्याने माशाचे गोळे राहतात आजी. रोज सांगेन म्हणते. हाताने कालव ना."

मी सुनेकडे पाहिलं. ती गॅसपाशी पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "आणि आई, मलाही वाटीभर ठेवा. दह्याचंच."

मी हात धुतले आणि घातले त्या भांड्यात. गार चक्का, काकडीचे तुकडे, मऊ मासा. दह्यात माझे हात कुठे संपतात आणि दही कुठे सुरू होतं, काही कळेना. नात म्हणाली, "आजी, मॅचिंग!" आणि आम्ही तिघी अशा हसलो की मुलगा पेपर घेऊन आत आला, काय झालं म्हणून.

मग मी घास घेतला. पन्नास वर्षांनी मासा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अगं, हे तर खारट आहे!"

"असतंच," नात म्हणाली. "डब्यातल्या माशाला आधीच मीठ असतं. वर तू घालतेस."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तू चाखत नव्हतीस ना," ती म्हणाली. "कसं सांगायचं?"

तेव्हा मीठ शेवटी घाला, आणि चाखून घाला.