आम्रपालीताईंनी शपथ घेतली नाही

निघोज्याच्या अंगणवाडीत आम्रपालीताईंना एकोणीस वर्षं झाली होती. माहेर कासारवाडीचं, नवरा धम्मरत्न महाळुंग्याच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. गावातली आणि कंपन्यांमागच्या खोल्यांमधली कितीतरी पोरं त्यांच्या हाताखालून शाळेत गेली. त्यांना पाहून कुणी दार लावून घेतलंय, असं कधी झालं नव्हतं. म्हणून कस्तुराबाईंनी ते लावलं तेव्हा त्यांना फार लागलं.

कस्तुराबाई गावातल्या जुन्या घरातल्या. त्यांच्या सुनेचं नाव पूर्वी. तिचं दीड वर्षाचं बाळ अंगणवाडीच्या यादीत. आठ दिवसांपूर्वी पूर्वीला फोन आला होता. "निघोज्याच्या अंगणवाडीतून बोलतोय. आहाराच्या यादीत बाळाचं नाव पक्कं करायचंय, मोबाइलवर आलेला आकडा सांगा." बाळाचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. पूर्वीनं आकडा सांगितला आणि तासाभरात तिचं खातं रिकामं झालं.

आता आम्रपालीताई त्याच दारात त्याच कामासाठी उभ्या होत्या. नवा आदेश होता. प्रत्येक बाळाच्या नावाची पडताळणी करायची, आईच्या फोनवर येणारा ओटीपी अ‍ॅपमध्ये भरायचा. नाही भरला तर घरी न्यायचा आहार बंद.

"आमी न्हाई सांगणार आकडा," कस्तुराबाई खिडकीतून म्हणाल्या. "त्योबी अंगणवाडीचंच नाव सांगत व्हता."

"कस्तुराबाई, मला ओळखता ना तुम्ही?"

"तुला वळखते. तुझ्या फोनात कोण बसलंय त्याला न्हाई वळखत."

ताई चिडूनच परतल्या. पण ग्रामपंचायतीपाशी आल्या आणि थांबल्या. भिंतीवर पोस्टर होतं, 'ओटीपी कुणालाही सांगू नका'. पंधरा दिवसांपूर्वी खळ लावून त्यांनीच ते चिकटवलं होतं.

त्यांनी तिथूनच पर्यवेक्षिका नीलिमा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, बायका ओटीपी देत नाहीत. आणि बरोबर करतात."

"ताई, तेहेतीस नावं अडलीत तुमची. वरचं धोरण आहे, आपल्या हातात काय?"

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या सभागृहात सायबर सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला गेला. बायकांना जमवायचं काम अर्थात ताईंकडेच आलं. जिल्ह्याहून एक साहेब आले होते. ते चांगलं बोलले, समजेल असं बोलले. शेवटी त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि उजवा हात पुढे करायला सांगितलं. "मी माझा ओटीपी कुणालाही सांगणार नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

सगळे हात पुढे आले. ताईंचा आला नाही. सरपंच सोपानरावांनी डोळ्यांनी खुणावून पाहिलं. साहेबांच्याही ते लक्षात आलं.

"ताई, तुमचा हात?"

"साहेब, ही शपथ आज घेतली, तरी उद्या सकाळी मलाच या बायकांना ती मोडायला लावावी लागेल. एक कागद सांगतो, ओटीपी देऊ नका. दुसरा सांगतो, घरोघर जाऊन मागून आणा. दोन्हींवर शिक्का सरकारचाच. कुठला पाळू?"

थोडा हशा झाला आणि लगेच विरला.

"अहो, फसवणूक वेगळी आणि शासकीय काम वेगळं," साहेब म्हणाले.

"फोनवर ते वेगळं कसं ओळखायचं, तेवढं यांना सांगा. कस्तुराबाईंची पूर्वी फसली तर सगळे म्हणाले, बाई अडाणी. बारावी झालीय ती. सरकारच्या नावावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. त्या माणसाकडे बाळाची जन्मतारीख कुठून गेली? ते कुणी शोधलं का? शपथा मात्र आम्हीच घ्यायच्या."

मागच्या रांगेत कस्तुराबाईंनी हात खाली घेतला. मग शेजारणीनं घेतला. बघता बघता सगळे हात खाली आले. वर कळवतो, एवढं बोलून साहेबांनी आभारप्रदर्शन उरकायला सांगितलं.

आठव्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय कार्यक्रमात असहकार.

धम्मरत्न म्हणाला, "माफीचे दोन शब्द लिहून टाक. मानधनावरची नोकरी, काढायला किती वेळ लागतो?"

"माफी कशाची ते सांगा, लगेच लिहिते."

ताईंनी उत्तर लिहिलं. मी काम नाकारलेलं नाही. पण कुणाचाही ओटीपी तोंडी विचारणार नाही, ऐकणार नाही. आलेला संदेश कशासाठी आहे ते मी वाचून दाखवेन, आकडा आई स्वतःच्या हातानं टाकेल. अंगणवाडीतून कुणालाही फोन जाणार नाही. पडताळणीपायी एकाही बाळाचा आहार थांबवू नये, थांबवायचा असल्यास तसं लेखी द्यावं. खाली एक्केचाळीस सह्या झाल्या. कस्तुराबाईंनी अंगठा उठवला. "ह्यो माजा हाय. कुनी चोरलेला न्हाई, आसंबी लिव."

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून येताना धम्मरत्नच पाच झेरॉक्स काढून घेऊन आला.

नीलिमा मॅडमनी कागद दोनदा वाचला. "ताई, हे वर गेलं तर मलाही विचारतील."

"विचारू द्या. जे आहे ते सांगा."

मॅडमनी शिक्क्याची पेटी पुढे ओढली. मग त्यांनी पोच दिली.

नोटिशीचं पुढं काहीच झालं नाही. ना मागे घेतली, ना कारवाई. पूर्वीची तक्रार पोलिसांत आहे, अजून तरी हाती काही लागलेलं नाही. अकरा बाळांचा आहार मध्ये दोन महिने अडकला. दर सोमवारी बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन बसून ताईंनी तो सोडवून आणला. पुढच्या बैठकीत मॅडमनी सगळ्या सेविकांना सांगितलं, आकडा आईनंच टाकायचा. जणू आदेश त्यांचाच होता.

परवा नवीन सूचना आली. आहार देताना दर वेळी आईच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा.

"हे फोटो राहणार कुठं, मॅडम? आणि बघणार कोण?" ताईंनी बैठकीत विचारलं.

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत शंका, ताई. लेखी द्या मग."

ताईंनी वहीतला कोरा कागद फाडला आणि प्रश्न लिहायला घेतले. तिसरा प्रश्न चालू असताना महाळुंग्याच्या सेविकेनं खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "खाली माझंही नाव घाला."