तांब्यातलं पाणी

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी ऑफिसात होते. बाबांना तीन दिवस जुलाब होत होते, म्हणून इंदिरानगरातल्या आमच्या डॉक्टरांनी सकाळीच रक्त तपासायला सांगितलं होतं. क्लोराइडचा आकडा ठळक, शेजारी वर जाणारा बाण. साखर, हिमोग्लोबिन मला कळतं. हे क्लोराइड कुठून उपटलं? मोबाइलवर शोधलं, तिथेच चुकलं. पहिल्याच ओळीत किडनी. बाबांचे थोरले भाऊ किडनीनेच गेले होते. मी तशीच घरी निघाले.

घरी आले तर बाबा पंख्याखाली पडलेले. जीभ कोरडी, श्वास भरभर. हाक मारली की डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. आई म्हणाली, "आत्ता कुठे झोप लागलीये गं, उठवू नकोस."

"ही झोप आहे का?" मी तिच्यावर खेकसले. घाबरले की मी ओरडते, ही माझी जुनी खोड आहे. आई चपला शोधायला लागली.

रिक्षा द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली. बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि ते फार जड लागत होतं. बाबा, आत्ता नाही, एवढंच मी मनात घोकत होते.

हॉस्पिटलमधली डॉक्टर माझ्याहून लहान होती, पण शांत होती. "क्लोराइड म्हणजे मिठातलाच एक भाग," ती म्हणाली. "जुलाबात शरीरातलं पाणी जातं, रक्तातलं आम्ल आवरणारा क्षारही जातो, मग क्लोराइड चढतं. किडनी नीट चालत नसेल तरी चढतं. एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. पण यांचं सोडियमही खूप वाढलंय, आणि किडनीवर ताण दिसतोय. तो उतरतो का, ते बघावं लागेल." मग तिने विचारलं, "प्यायला काय देत होतात?"

"मीठ-साखरेचं पाणी."

"कोण करायचं?"

"मी," मी म्हणाले. "मी," आईही म्हणाली. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

आई पूजेला बसलेली असताना मी घाईघाईत तांब्यात पाणी करायचे, झाकण ठेवायचे आणि कामाला पळायचे. पूजा आटोपून आई यायची, भरलेला तांब्या बघायची, साधं पाणी समजायची आणि त्यात पुन्हा मीठ-साखर घालायची. तिचं मीठ चमच्याने नसतं, चिमटीने असतं, आणि चिमूट सढळ. चाखलं कोणीच नाही. नैवेद्याच्या आधी चव घेतली तर अन्न उष्टं होतं, म्हणून आई जन्मभर अंदाजाने स्वयंपाक करत आली. मीही तिचीच लेक.

आणि बाबा? पानात पडेल ते मुकाट्याने खायचं, अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा त्यांचा बाणा. त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही.

आता मला आजाराची भीती नव्हती, आमच्या हातांची होती. आई बाकावर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होती. मला तिच्यावर ओरडताही येईना.

दोन दिवस सलाइन चाललं. रोज रक्त काढायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी आकडे उतरले, किडनीही सावरली. बाबा उशीला टेकून बसले, तेव्हा मी विचारलंच, "खारट लागत नव्हतं का हो?"

"लागत होतं की," बाबा म्हणाले. "पण तू कामाच्या घाईत करून जायचीस, ही पेला घेऊन उभी राहायची. तोंड कसं वाकडं करणार?"

आता घरात औषधाच्या दुकानातली पुडी असते. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी मापून घालायचं, आणि ते मीच करायचं. आई आता आमटी चाखते. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन, म्हणते. तरी जेवताना मी बाबांना रोज विचारते, कशी झालीये?

मान वर न करता ते म्हणतात, "छान."

आणि मी त्यांच्या उष्ट्या वाटीत बोट बुडवून चाखून बघते.