चपलांशेजारची चटई

आखातातल्या दुखानच्या तेलकंपनी-टाउनशिपमध्ये वसईकडची ख्रिस्ती घरं मोजकीच. ऑक्टोबरात दर शुक्रवारी सगळे बड्या इंजिनिअर रोनाल्डच्या हॉलमध्ये माळेची प्रार्थना म्हणतात आणि मग मरियामातेची मूर्ती आठवडाभर कुणा एकाच्या घरी जाते. गावची चाल वाळवंटात टिकवली याचा मंडळींना केवढा तोरा! आणखी काय काय टिकवलंय ते बेट्टीला विचारा.

बेट्टी क्लिनिकात नर्स, तीही कंत्राटी. माळ म्हणावी तर तिनेच, असा आवाज. पण बसायचं कुठे? बड्या इंजिनिअरांच्या घरचे सोफ्यावर, सुपरवायझर खुर्च्यांवर आणि कंत्राटी माणसं दाराशी, चपलांशेजारच्या चटईवर. असा नियम कुणी केला नाही, करायची गरजही पडली नाही.

यंदा तिने पहिल्यांदाच मूर्ती मागितली. गावी आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं, तेवढा आठवडा माता आपल्या खोलीत असावी, एवढंच. त्यावर रोनाल्डने काय काढावं? तू ड्युटीवरून परक्या पुरुषाच्या गाडीतून येतेस, लोक बोलतात. शुक्रवारी सगळ्यांसमोर उभी राहून माफी माग, मग बघू. तो परका पुरुष म्हणजे अँब्युलन्सचा ड्रायव्हर शफीक. शेजारी त्याची बायको उजमा बसलेली असते, ती बरी कुणाला दिसत नाही!

शुक्रवारी प्रार्थनेआधी रोनाल्डच्या मुलीने, ऑलिव्हियाने, शाळेचा प्रोजेक्ट वाचून दाखवला. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात जाऊन वसलेले कडक धर्मनिष्ठ प्युरिटन लोक. त्यांच्या प्रार्थनाघरात ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे जागा ठरलेली, चुकलेल्याला सगळ्यांपुढे उभं करायचे. सोफ्यावरून हळहळ झाली, काय रानटी लोक म्हणे. टाळ्याही पडल्या. आणि त्या थांबतात न थांबतात तोच रोनाल्ड म्हणाला, "बेट्टी, ऊठ."

बेट्टी उठली.

"शफीकच्या गाडीत मी मागे बसते, पुढे उजमा असते. तुमच्या गाड्या रोज माझ्यासमोरून रिकाम्या जातात. मी कशाची माफी मागू, रोनाल्डभाऊ?"

"ही जागा नाही वाद घालायची."

"माझी जागा चपलांजवळ. बरीच वर्षं बसले."

ती सरळ जाऊन सोफ्यावर बसली, रोनाल्डच्या बायकोशेजारी. हातात माळ घेऊन 'नमो मरिये' सुरू केलं. पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला सगळ्यांनी, ही रीत. पण सगळे मुके. चटईवरचेसुद्धा! त्यांना काय, पुढल्या कंत्राटाची धास्ती. उत्तर आलं ते एकट्या ऑलिव्हियाचं, इंग्रजीत. आईने कोपर मारलं तशी तीही गप्प झाली. मग बेट्टीने दोन्ही भाग स्वतःच म्हटले, पार शेवटच्या मण्यापर्यंत.

मूर्ती दुसऱ्याच बंगल्यात गेली. आईचं ऑपरेशन मूर्तीवाचून झालं, आणि नीट झालं.

पुढच्या शुक्रवारी बेट्टी आली, चपला काढल्या, चटई ओलांडली आणि सोफ्यावर बसली. रोनाल्डची बायको ताडकन उठून खुर्चीवर गेली. जाईना का! बेट्टीने पर्स त्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि माळ काढली.