पाणक्या पाताळात गेला तेव्हा

मुदतीआधी निवृत्ती घेईपर्यंत मी इंदूरच्या एका कॉलेजात मुलींना साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रम बदलत राहिला, पण दर दोन-तीन वर्षांनी अशी एखादी कथा यायचीच, जिच्यात नायक जमिनीखालच्या जगात उतरतो. कुणी गेलेल्या माणसाला परत आणायला, कुणी काही विचारायला, कुणी नुसता शब्द दिला म्हणून. मी त्या कथा नीट शिकवत असे. तास संपल्यावर मात्र स्टाफरूममध्ये न जाता बाहेरच्या ओट्यावर थोडा वेळ एकटी बसत असे. मुलींना वाटायचं, मॅडमना दम्याचा त्रास आहे.

अशी एक कथा माझ्या वडिलांनी रचली होती. ती कुठे छापलेली नाही. ज्यांनी ऐकली त्यातले बरेचसे आता नाहीत.

बाबा मिलच्या टाइम ऑफिसात हजेरीबाबू होते. आम्ही मिलच्याच क्वार्टरमध्ये राहायचो, दोन खोल्या आणि मागे नळ. शेजारच्या दोन खोल्यांत फिटरकाका आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाबा आणि काका एकाच वर्षी मिलमध्ये लागलेले. बाबा बोलके आणि काका अबोल, त्यामुळे त्यांचं छान जमायचं.

काकांचं काम जमिनीखाली असायचं. सूतखात्याच्या खाली, माणूस वाकून चालू शकेल एवढं एक भुयार होतं. मशिनांवरची गरम हवा आणि उडालेला कापूस त्यातून खेचला जायचा, आणि पाण्याने ओली केलेली हवा वर सोडली जायची. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. तिथले पंखे, पंप, झडपा सगळं चालू ठेवणं ही काकांची नोकरी. कामगार त्या भुयाराला पाताल म्हणायचे. फिटरसाब कुठे, असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, ‘पाताल में.’

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकावर नोटीस लागली आणि वीज कापली गेली. गावातल्या बाकीच्या मिलांचंही तेच चाललं होतं. पेपरात रोज उदारीकरणावर लेख यायचे, बाजारात परदेशी कंपन्यांचे टीव्ही मांडलेले दिसायला लागले होते, आणि आमच्या गल्लीत भर दुपारी पुरुष दिसायला लागले होते. बनियनवर ओट्यावर बसलेले, कुणाशी न बोलणारे पुरुष. मला त्यांच्यासमोरून जायची लाज वाटायची, का ते कळत नसे.

युनियनने फाटकासमोर मंडप टाकून धरणं धरलं. पहिल्या आठवड्यात बसायला जागा नव्हती. तिसऱ्या आठवड्यात सतरंज्या रिकाम्या दिसायला लागल्या. कुणी हातगाडी लावली, कुणी गावी निघून गेलं. तेव्हा सेक्रेटरी बाबांकडे आले. गणेशोत्सवात बाबा गोष्टी सांगायचे ते त्यांना माहीत होतं. म्हणाले, बाबूजी, तुम्ही रोज थोडं काहीतरी सांगत जा, लोक बसून राहतील.

बाबांनी गोष्ट सुरू केली ती एका राजपुत्राची. नगरीची नदी आटते, कारण सातव्या पाताळात कुणीतरी तिची वाट बुजवून टाकली आहे, आणि राजपुत्र ती मोकळी करायला खाली उतरतो. पहिल्याच दिवशी एक म्हातारा कामगार उठून म्हणाला, “बाबूजी, राजकुमार को क्या पड़ी है नीचे जाने की? उसके घर तो कुआँ होगा.” सगळे हसले. बाबा रात्रभर विचार करत राहिले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी राजपुत्राचा पाणक्या झाला. त्याच्याकडे पखाल होती, म्हातारी आई होती आणि तहानलेली गल्ली होती. लोकांनी त्याला लगेच आपलं मानलं.

मग रोज दुपारी एक ते दोन पाणक्या खाली उतरत गेला. बाबा हिंदी, मराठी, माळवी सगळं एकत्र करून बोलायचे. पहिल्या पाताळात माणसं भोंगा वाजायची वाट बघत उभी होती आणि त्यांच्या पायांना मुळं फुटली होती. तिसऱ्यात एक लांबच लांब रांग होती, आणि कशाची रांग आहे ते कुणाला आठवत नव्हतं. पाचव्यात एक राक्षस नुसता सह्या करत बसला होता, त्याचा आवाज बाबा हुबेहूब आमच्या मॅनेजरसारखा काढायचे. सतरंज्या पुन्हा भरल्या. भाजीवाले थांबायला लागले. कॉलेजातून लवकर सुटले की मीही मंडपाच्या कडेला उभी राहून ऐकायची. माझे वडील इतक्या लोकांना धरून ठेवतात याचा मला अभिमान वाटायचा. घरात डाळ पातळ होत चालली होती, आईने बोलणं कमी केलं होतं, तरी वाटायचा.

काका रोज सगळ्यात मागे, बांबूला टेकून बसायचे. ते कधी हसत नसत. त्यांच्या डोक्यात वेगळीच गोष्ट होती. वीज गेल्यापासून पंप बंद होता आणि भुयारात जमिनीचं पाणी झिरपत होतं. आणखी महिना-दीड महिना असं राहिलं तर वरच्या मशिनांचा पाया खचेल, मग मिल चालू करायची म्हटली तरी चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नाल्याकडे पाणी काढायची एक जुनी झडप होती. ती उघडली तर विजेशिवायही पाणी उतरलं असतं. त्यांनी अर्ज दिले. पहारेकऱ्याला विनवण्या केल्या. कुणी आत जाऊ देईना. बाबा त्यांना म्हणायचे, अरे, उघडू दे आधी, मग बघू. मिल पुन्हा उघडेल यावर बाबांचा विश्वास राहिला नव्हता. काकांचा होता.

एका शनिवारी बाबांनी पाणक्याला सातव्या पाताळाच्या तोंडाशी आणून सोडलं. काकांनी तेव्हा मागून विचारलं, “वाट कुठे बुजली आहे ते वरून कळतं का?”

“वरून कसं कळणार?” बाबा म्हणाले. “खाली जाऊनच बघायला पाहिजे.”

मंडपात काका पहिल्यांदाच काही बोलले म्हणून बाबा खूश झाले होते. घरी येऊन आईला त्यांनी ते दोनदा सांगितलं.

सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघाले. मिलच्या मागच्या भिंतीला लागून, नाल्याच्या कडेने एक जवळची वाट होती. तिथे भिंतीला भगदाड पडलेलं होतं, आणि काका त्यातून आत शिरायच्या बेतात होते. पायात गमबूट, हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. मला बघून थबकले. म्हणाले, कुणाला बोलू नकोस, बाबांना तर नाहीच, तो उगाच काळजी करत बसेल. दोन तासांत झडप बघून येतो.

मी मान डोलावली, हसले. म्हटलं, “काका, सातव्या पाताळात निघालात?”

तेही हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते ते मी तेव्हा बघितलं. “हो ना,” म्हणाले. “पाणी सोडून येतो.”

मला भीती वाटली नाही. उलट छान वाटलं, काहीतरी गुपित आपल्याजवळ आहे असं. मी कॉलेजात दोन तास केले, लायब्ररीत बसले, मैत्रिणीबरोबर पोहे खाल्ले. परत आले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. मंडप गच्च भरला होता आणि बाबा सातवं पाताळ सांगत होते. काळोख कसा, चिखल कसा, पाणक्या हाताने चाचपत कसा पुढे सरकतो. मागचा बांबू रिकामा होता. मी बघितला. आणि तरीही मी उभी राहून ऐकत राहिले. काका घरी गेले असतील, अंघोळ करत असतील, असं मनात म्हणत, पुढे काय होतं त्याच्यासाठी थांबले. पाऊण तास तरी थांबले असेन.

गोष्ट थांबल्यावर मी बाबांजवळ जाऊन सांगितलं की काका भिंतीतून आत जाताना दिसले होते.

“केव्हा?”

“सकाळी. साडेआठला.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ते फाटकाकडे धावले, मागून सगळा मंडप. पहारेकऱ्याने त्या दिवशी अडवलं नाही. दोघं तरुण खाली उतरले आणि धापा टाकत, ओकत वर आले. पाण्यात कापूस सडला होता, भुयारात श्वास घ्यायला हवाच नव्हती. शेवटी अग्निशमन दलाच्या लोकांनी तोंडाला नळ्या लावून काकांना वर आणलं. ते झडपेपर्यंत पोचले होते. झडप अर्धी उघडली होती. पाणी मात्र उतरलं नव्हतं, कारण बाहेरचा पाइपच गाळाने भरलेला होता. हे मला नंतर कुणीतरी सांगितलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

काकूंना बायकांनी ओट्यावर बसवलं होतं. त्या रडल्या नाहीत. माणसं आपल्याभोवती का जमली आहेत हे कळत नसल्यासारख्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

तेराव्यानंतर बाबा पुन्हा मंडपात जाऊन बसले, पण गोष्ट सांगेनात. लोक विचारतही नव्हते. चार-सहा दिवसांनी तोच म्हातारा कामगार हळूच म्हणाला, “बाबूजी, उसको नीचे ही छोड़ दोगे क्या?”

बाबा उठून उभे राहिले. मी तिथे होते. ते म्हणाले, त्याने वाट मोकळी केली, नदीला पाणी आलं, तो वर आला आणि घरी गेला. झाली गोष्ट. एवढंच. आवाज शाळेतल्या मुलाने कविता पाठ म्हणावी तसा. एकेक जण सतरंजीवरून उठला, चपला शोधल्या आणि गेला. महिन्याभरात मंडपही निघाला. पुढे दोन-तीन वर्षांनी मशिनं भंगारात गेली, ट्रक भरभरून.

बाबांना पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लिखापढीचं काम मिळालं. काकू सुदामा नगरला त्यांच्या भावाकडे राहायला गेल्या आणि साड्यांना फॉल लावून द्यायला लागल्या. बाबांनी पुन्हा कधी गोष्ट सांगितली नाही, माझ्या मुलांनाही नाही. मुलं मागे लागली की पुस्तक पुढे करायचे. त्यांना वाटत होतं की काकांना आपण खाली पाठवलं. हे ते कधी बोलले नाहीत, पण मला माहीत होतं. आणि मला जे वाटत होतं ते त्यांना माहीत नव्हतं, कारण काका दिसले एवढंच मी सांगितलं होतं. आम्ही बोललो होतो, हसलो होतो, मी गप्प राहायचं कबूल केलं होतं, हे नाही. ‘सकाळी का नाही सांगितलंस’ असं बाबांनी एकदा विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

पंचवीस वर्षं अशी गेली. एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, मॅडम, खाली जायला इतकी पानं लागतात आणि वर येणं दोन पानांत कसं उरकतं? मी काहीतरी उत्तर दिलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. भगदाड, टॉर्च, पोहे, मंडपाच्या कडेला उभं राहून ऐकलेलं सातवं पाताळ.

बाबा हातातला चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “मी गोष्ट थोडी लहान सांगायला हवी होती त्या दिवशी.”

मी म्हटलं, बाबा, तोवर उशीर झालेलाच असणार. ते म्हणाले, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, मला सुदामा नगरला घेऊन चल. काकू आता वाकल्या होत्या, पण ओळख पक्की होती. चहा झाला. मीच सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मी वाट बघत होते की त्या आता म्हणतील, तुझा काय दोष. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, “मला सांगूनच गेले होते. मी डबा करून दिला. चार महिन्यांनी पहिल्यांदा डबा भरत होते ना मी. भेंडीची भाजी. बरं वाटत होतं मला, कामावर निघाल्यासारखे दिसत होते.” मग म्हणाल्या, “मी कोणाला बोलले नाही. तुम्हीच लोक म्हणाला असता, जाऊ कसं दिलं.”

आतल्या खोलीत त्यांच्या भाच्याचा टीव्ही चालू होता. बाबांनी कप खाली ठेवला. अंधार पडायला लागला तेव्हा मीच उठा म्हटलं.

त्यानंतर बाबा दर गुरुवारी सिटी बसने एकटेच सुदामा नगरला जायला लागले. पाय थकेपर्यंत, म्हणजे दोन-अडीच वर्षं गेले. तिथे काय बोलता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, विशेष काही नाही. ती फॉल लावते, मी सुईत दोरा ओवून देतो. तिला आता नेढं दिसत नाही.