दर लॉटचं पहिलं पोतं

हर्षा तशी गोड पोरगी, फक्त नाक जरा वर. नागपुरात लकडगंजच्या मिरचीच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसते. यूट्यूब पाहून स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहायला शिकली, तेव्हापासून घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणते, "लॉजिक चुकलं."

गोदामात पोती मोजतो बळीराम, भिवापूरकडचा म्हातारा. काट्यावर पोतं चढलं की मोबाइलमध्ये आकडा बोलतो, मोबाइल तो शीटमध्ये टाइप करतो. लॉट बदलला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एखादा आकडा गळला तर दाखवेल अशी स्क्रिप्ट हर्षानं लिहिली आणि चालवली. दर लॉटमध्ये एक नंबर गायब, तोही पहिलाच!

झालं, बाईसाहेब चेकाळल्या. सगळ्या हमालांसमोर ओरडल्या, "शेठ, दर लॉटमागे एक पोतं जाऊन राहिलं!"

ताराचंदशेठ वळले. "क्या बळीराम, तुझ्यावर भरोसा केला मी. उद्यापासून येऊ नको."

म्हाताऱ्यानं मोबाइल काट्यावर ठेवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

ते मुकाट्यानं बाहेर जाऊन बसणंच हर्षाला खटकलं. आणि चोर दर वेळी पहिलंच पोतं कशाला नेईल? मग कुठं तिनं शीट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दर लॉटच्या डोक्यावर, एकच्या जागी, शब्द होता: लाभ. स्क्रिप्टला आकडेच कळत. शब्द आला की ती ओळ गुपचूप टाकून द्यायची, तसं हर्षानंच तिला शिकवलं होतं.

ती बाकाशी गेली. "काका, लाभ काहून म्हनता?"

"पयल्या मापाले लाभच म्हनते वं. माहा बाप खळ्यावर तसाच मोजे."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं काय? तू तं शेठकडं पळाली."

शेठच्या कानात 'टायपिंग मिस्टेक' म्हणून सुटता आलं असतं. हर्षाच्या मनात ते आलंही. पण आरोप मोठ्यानं केला होता, तो कानात कसा मागं घ्यायचा? ती त्याच हमालांसमोर उभी राहिली. "पोती पुरी हायेत. चूक माही हाय. काकांनी बराबर मोजलं."

शेठ ओशाळले. "चल रे बळीराम, ट्रक उभा आहे."

"आज नाही, शेठ. आज मन नाही." म्हातारा गावाकडं जायला उमरेड रोडची बस धरायला निघाला.

हर्षा स्कूटी घेऊन मागं. "काका, बसा नं. स्टँडवर सोडते."

बळीराम स्कूटीपाशी आला. मग धोतर सावरत मागं बसला.

"चाल. पन हळू चालव. तुले लय घाई हाय."