पडणारा घोडेस्वार

आमच्या शेजारी राहणारे, खालापूरच्या कचेरीतले ते पेन्शनर कारकून जुनं नाणं कधी समोरून बघत नसत. "राजांची तोंडं सगळी सारखीच हो," ते म्हणत, "पाठीवर काय छापलंय ते बघा!" मग ते नाणं तिरप्या उन्हात हळूहळू फिरवत, आणि झिजून गुळगुळीत झालेल्या धातूतून एखादा पाय, एखादा पंख वर येई. शपथेवर सांगतो, माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा जवळच्या कोंडाणे गावची एक बाई नखाएवढं काशाचं नाणं घेऊन आली. तिच्या देव्हाऱ्यात ते खंडोबाचा टाक म्हणून पुजलं जात होतं. "दीर म्हनतो, ह्यो देव नाय. उद्या तांबटाकडं वितळवाया नेतो. तुमी सांगा, रावसाहेब, ह्यो देव हाय का नाय?"

त्यांनी नाणं उन्हात धरलं आणि श्वासच रोखला. माझ्या कानात कुजबुजले, "रोमचं! उतरत्या काळातलं. पायी शिपाई घोडेस्वाराला भाल्यानं पाडतोय. जन्मभर हेच शोधतोय मी!"

आता आली का पंचाईत! खंडोबा तर घोड्यावरचा देव, इथं घोड्यावरचाच हरतोय, आणि हा गृहस्थ नाण्याबद्दल खोटं बोलणारा नव्हे.

ते बाईकडे वळले. "बाई, खंडोबाला घोडा कुणी दिला?"

"मणी दैत्यानं."

"म्हणजे आधी घोड्यावर कोण होतं?"

"मणी!"

"हा बघा, घोड्यावरचा पडतोय. आणि खाली भाला घेऊन कोण उभा?"

बाईचे डोळे लकाकले. "माझा देव!" तिनं नाणं कपाळाला लावलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि दिराशी भांडायला तरातरा निघाली.

ते मात्र रिकामा तळहात तसाच उन्हात धरून बसले होते.